पायली, पुडकं, एकर

सालगडी

गुढीपाडव्याला लागायचा, पुढच्या पाडव्याला सुटायचा. बोलणी पैशांची कमी, धानाची जास्त. अमुक खंडी धान, एक घोंगडं, वहाणा, पोळ्याला नवं धोतर, अडीनडीला उचल. नांगर-वखर, चिखलणी, रात्री धानाच्या बांधीला पाणी लावणं, गुरांचं शेणपाणी, खळ्यावरची जागल, मालकाच्या लेकीला बंडीत बसवून सासरी पोचवणं, सगळं त्या एका बोलीत.

उचल फिटली नाही तर पुढचं सालही त्याच वाड्यात. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली झाला. पण उचलीला कोणी वेठ म्हणत नसे, त्यामुळे तो कायदा पुष्कळ वाड्यांच्या दारावरून तसाच पुढे गेला. जुनं म्हणून गोड मानावं असं हे काम नव्हतं.

आज चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी या पट्ट्यात मोठा शेतकरी भेटला की सालगडी मिळत नाही म्हणून रडतो. सालगड्याच्या मुलाने ही तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. बापाच्या कामाचे तुकडे झाले. नांगरणी ट्रॅक्टरकडे, तासावर. कापणी-मळणी हार्वेस्टरकडे, एकरावर. पाणी मोटारीकडे, वीज येईल तेव्हा. लेक सासरी जाते ती मोटारसायकलवर. उरली जागल. रानडुकरं अजून येतात, आणि ती हाकायला रात्री बांधावर माणूसच लागतो. जागलीला एकराचा भाव लावता येत नाही, म्हणून ते काम घरच्या म्हाताऱ्याकडे आलं आहे आणि त्याचे पैसे कोणी कोणाला देत नाही.

गायकी

सकाळी गावची गुरं आखरावर जमायची. तिथून गायकी त्यांना रानात न्यायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. जनावरामागे वर्षाला ठरलेल्या पायल्या धान. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी त्याचा मान वेगळा. कुठली गाय गाभण, कुठली मारकी, कुठल्या घरच्या वासराला किडे पडले, हे मालकाआधी त्याला ठाऊक असे.

पूर्व विदर्भात हे काम बहुतेक गोवारी समाजाकडे. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळ अधिवेशनाच्या वेळी निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले, त्यात बायका-मुलं जास्त. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०२० मध्ये लागला, तो विरोधात. त्या सव्वीस वर्षांत आखरावरची गुरंच निम्म्याहून विरळ दिसू लागली होती.

गुरं का गेली, याची साखळी सरळ आहे आणि ती हार्वेस्टरपासून सुरू होते. हार्वेस्टर धान वरून कापतो, तणस बांधीतच उधळून टाकतो. तणस गोळा होत नाही म्हणून चारा नाही. चारा नाही म्हणून बैल विकले. बैल नाहीत म्हणून शेणखत नाही. खत नाही म्हणून युरियाच्या पोत्यासाठी पोंभुर्ण्याच्या कृषी केंद्रासमोर रांग. या रांगेत उभा असलेला माणूस दिवसभर 'रिकामा' नसतो; तो पूर्वी जे काम गायकी आणि बैल मिळून करत होते, त्याची उरलेली बाजू सांभाळत असतो.

राहिलेल्या शेळ्या चारायला जो जातो त्याच्या हातात आता कुऱ्हाड असते. वाघांचं ताडोबा लांब नाही.

पुंजणं

कापलेल्या धानाचा बांधीतला ढीग. अजून रचतात, कमी. पूर्वी पुंजणं महिनाभर उभं राहायचं आणि मग बैल फिरवून खळ्यावर चुरायचं. चुरण्याला गडी लागत, रात्री लागत, कंदील लागत. गावात कोणाचं पीक किती आलं हे पुंजण्यांकडे पाहून कळे, त्यामुळे सोयरीक जुळवणारे याच दिवसांत हिंडत. आता धान बांधीतून थेट ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून खरेदी केंद्रावर. पोरीच्या बापाला सातबारा मागावा लागतो.

रोवणी

ही यादी गेलेल्या कामांची. रोवणी गेलेली नाही, पण तिचं माप बदललं आहे म्हणून इथे घेतली.

पाऊस लागला की पऱ्हे टाकायचे. तीन-चार आठवड्यांनी उपटून त्यांच्या जुड्या चिखलात फेकायच्या आणि बायकांनी ओळीने वाकून, मागे मागे सरकत, त्या रोवायच्या. पुरुषाचं काम चिखलणीचं आणि जुड्या फेकायचं; दिवसभर वाकायचं काम बायकांचं. रोजी ठरलेली असे, आधी धानात, मग पैशांत, आणि बायकांची पुरुषांपेक्षा कमी. आज तू माझ्या बांधीत, उद्या मी तुझ्या, असंही चाले; त्यात पैसा फिरतच नसे.

आता गुत्ता. पंधरा-वीस बायकांची टोळी एकराचा भाव ठरवते, पहाटे पिकअपमध्ये बसते, एक बांधी उरकून दुपारी दुसऱ्या गावच्या बांधीत उतरते. टोळीची म्होरकी असते, तिच्याकडे मोबाइल असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो उचलला गेला नाही तर शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. 'बाई, उद्या आमच्याकडं येजा ना' असं अजीजीने म्हणणारा पाटील या मुलखाने आधी पाहिलेला नव्हता. पुरुषांनी ठरवलेली रोजी बाजूला सारून बायकांनी स्वतः भाव सांगायला सुरुवात केली, ही गोष्ट मला या सगळ्या उतरणीतली एक चढण वाटते. मजुरी वाढली म्हणून शेती परवडत नाही, हे वाक्य म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो की कोणाला.

पण गुत्त्याची दुसरी बाजूही आहे. एकराच्या भावात हात मागे पडणारी चालत नाही. रोजीवर काम असताना ओळीत एखादी साठीची म्हातारी, एखादी पाच महिन्यांची पोटुशी चालून जायची. बाजूची तिच्या वाटची चार रोपं टोचून घ्यायची. टोळीत अशा बायकांना जागा नाही, कारण त्यांची मजुरी बाकीच्यांच्या वाट्यातून जाते. त्यांना कामावरून कोणी काढलं नाही. त्यांना फक्त पिकअपचा आवाज आल्यावर कोणी हाक मारत नाही.

रोवणीची गाणी बंद झाली म्हणून हळहळणारे लेख दर पावसाळ्यात छापून येतात. ते लिहिणाऱ्यांनी एकरावर रोवून पाहावं. दम उरत नाही.

मजूर मिळेनात म्हणून काही जण पुन्हा आवत्याकडे वळले आहेत, म्हणजे धान सरळ फेकून पेरायचं. आवत्यात तण माजतं. पूर्वी ते निंदायला बायका लागायच्या. आता तणनाशकाचा पंप पाठीवर घेतलेला एक पोरगा लागतो. निंदण ही या यादीतली न गाजता गेलेली वस्तू.

खासर, दवंडी, उखळ

खासर नि रेंगी या बैलगाड्या बनवणारा वाढई दरवाजाच्या चौकटी करायचा, तेव्हा अजून वाढईच होता. चौकटी लोखंडी झाल्या तेव्हा वेल्डरच्या हाताखाली गेला.

दवंडी देणारा कोतवाल आहे; दवंडी नाही. व्हॉट्सॲप आहे.

धान कांडणाऱ्या बाईला कांडणावळ म्हणून तांदळाचा वाटा आणि कोंडा-कणी मिळे. राइस मिल आली तेव्हा उखळ सुटलं, त्याचं कोणी दुःख केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. फक्त विधवा बाईच्या घरी वर्षभर जी कणी शिजायची ती आता रेशन दुकानातून येते.

मोजणी

देशाच्या पातळीवर ही गोष्ट अशी सांगतात. १९५१ च्या जनगणनेत स्वतःची शेती कसणारे सुमारे ७ कोटी होते आणि शेतमजूर पावणेतीन कोटींच्या आसपास. २०११ ला कसणारे ११.८८ कोटी, शेतमजूर १४.४३ कोटी. म्हणजे शेतावर राबणाऱ्यांत मालकांपेक्षा मजूर जास्त झाले. आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत कसणारे ८० लाखांहून अधिक घटले. १९५१ ते २०११ या काळात शहरात राहणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ३१ वर गेलं. महाराष्ट्रात ते ४५.

पुस्तकांतला नकाशा सांगत होता की शेतातून माणूस निघेल, कारखान्यात जाईल, मग दुकान-कचेरीत. भारतात तो शेतातून निघाला आणि बऱ्याचदा बांधकामाच्या पायाडावर चढला. २०२० च्या टाळेबंदीत तिथून उतरून परत आला. श्रमबल सर्वेक्षणात शेतीत असणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. २०२३-२४ ला ४६.१. उतरता जिना चढता झाला. ग्रामीण बायकांचं श्रमबलातलं प्रमाण तर २०१७-१८ च्या २४.६ टक्क्यांवरून सहा वर्षांत ४७.६ वर गेलं. हा आकडा सभांमधून टाळ्यांसाठी सांगितला जातो. त्यातल्या पुष्कळ जणी घरच्याच शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदतनीस आहेत, हे सांगायचं राहून जातं.

१९६१ च्या जनगणनेत कामाचे नऊ गट होते. जंगल, मासेमारी, गुरं आणि खाणी यांचा मिळून त्यात एक गट होता. पोंभुर्ण्यातलं निम्मं गाव त्यात बसलं असतं. २००१ पासून चारच राहिले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. २०११ ला देशातले ४१.६ टक्के कामकरी 'इतर' होते. त्यात हैदराबादचा संगणक अभियंता आहे आणि वैनगंगेत जाळं टाकणारा ढिवरही.

शिवाय मुख्य आणि सीमान्तिक असा भेद आहे. वर्षात सहा महिने काम केलं तर मुख्य, कमी असेल तर सीमान्तिक. इथली बाई मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचते, मेमध्ये तेंदूपत्ता तोडते, पावसाळ्यात रोवते, दिवाळीनंतर कापते, जानेवारीपासून मिरची तोडते, मध्ये मजगीच्या, म्हणजे बांध्या घालायच्या, कामावर जाते. यातलं कुठलं काम 'मुख्य', हे प्रगणकाने विचारलं तर ती म्हणते, घरकाम. प्रगणक तेच लिहितो.

मला या आकड्यांबद्दल तक्रार नाही. ते माणसं मोजायला काढलेले आहेत. कामाची मजुरी कशाने मोजतात, हे त्यांत येत नाही, आणि या मुलखात खरा बदल तिथे झाला. पायलीत धान देणाऱ्याला समोरचा माणूस वर्षभर ओळखावा लागे, त्याच्या घरात खाणारी तोंडं किती हेही. तेंदूपत्त्याचं पुडकं मोजणाऱ्याला निदान हात ओळखावा लागतो. एकराचे पैसे देणाऱ्याला कोण आलं, किती जण आले, हे पाहायचं कारण उरत नाही. पायलीवाल्या ओळखीत जात होती, उचल होती, शिवी होती. ती गेली याचा आनंद ज्याला व्हायला हवा त्याला झालेला आहे. तिच्याबरोबर आजारी पडल्यावर विचारपूस करायची गरजही गेली.

नगरपंचायत

२०११ ला पोंभुर्णा ग्रामपंचायत होतं. २०१५ ला नगरपंचायत झालं. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या दिवशी इथला प्रत्येक माणूस शहरी असेल. बांधीत वाकलेली बाई शहरी कामगार म्हणून लागेल आणि देशाच्या नागरीकरणात तिचाही एक थेंब पडेल. ती कुठे गेली नाही. हद्द तिच्या अंगावरून गेली.

याला एक काटा आहे. केंद्राची रोजगार हमी कायद्यानेच ग्रामीण भागाची. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जी योजना उभी राहिली, १९७७ ला जिचा कायदा झाला, तिच्याच धर्तीवर २००५ चा केंद्राचा कायदा आला: ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला, दिवस १२५ केले. ग्रामीण हा शब्द कायम, म्हणजे शहरी ठरलेली ती बाई त्यातून बाहेर. 

हजेरीपट

रोजगार हमीचा कागदी मस्टर. मजगीच्या कामावर मेट तो उघडायचा, नावं पुकारायचा, अंगठे घ्यायचा. त्यात खोटी नावं घुसत, मेलेली माणसं खड्डे खणत. हे सगळ्यांना माहीत होतं. २०२३ च्या जानेवारीपासून हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. जंगलालगतच्या कामावर नेटवर्क नसतं. मग फोटो चढेपर्यंत काम संपलेल्या बायका उन्हात थांबून राहतात, कारण फोटोत नसलं तर दिवस बुडाला. मेलेली माणसं गेली हे खरं. जिवंतांनाही आता उभं राहून आपण असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

पुडकं

तेंदूच्या सत्तर पानांचं एक. अशी हजार पुडकी म्हणजे एक प्रमाण पोतं. मे महिन्यात दहा-पंधरा दिवसांचा हंगाम, आणि त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाची खुट कटाई, म्हणजे नवी पानं कोवळी येतात. पहाटे चारला जंगलात, दहापर्यंत पाठीवर ओझं घेऊन घरी. मग अंगणात सगळं घर बसतं. म्हातारी, पोरं, सुट्टीला आलेली भाची, सगळे सत्तर मोजतात. संध्याकाळी पुडकी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी. तिथे मुन्शी शेकड्यामागे चार-दोन जास्तीची टाकून घेतो, आणि ती का, हे कोणी विचारायचं नसतं.

तेंदूचा व्यापार १९६९ च्या कायद्याने सरकारच्या हाती आला. १९८० नंतर वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत पुडक्याचा भाव हा नक्षलवाद्यांच्या बंदुकीच्या बोलण्याचा विषय झाला, आणि भाव वाढला हेही नाकारता येत नाही. पुढे वनहक्क आणि पेसा या कायद्यांमुळे तिकडच्या कित्येक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या.

आता बिडी पिणारेच कमी होत चालले. त्याबद्दल फुप्फुसांचे डॉक्टर खूश आहेत, मीही आहे. पण घरातल्या सात वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांच्या बोटांना एकाच दिवशी एकाच भावाने पैसे देणारं दुसरं काम या जिल्ह्यांत नाही. पोरांनी मोजू नये हे बरोबर. म्हातारीचं काय करायचं हे त्या शहाणपणात आलेलं नाही. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीने मारल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावाजवळच्या जंगलात न जाणं हा सल्ला ठीक होता. हंगाम पंधरा दिवसांचा आहे.

बुरडाचं पातं

सूप, टोपली, परडी, धान साठवायची ढोली. एक बांबू उभा चिरून त्याच्या किती कमच्या निघतील, हे बुरूड हातात घेऊनच सांगतो. ढोली गेली, कारण घरात साठवायला धान राहत नाही. टोपलीच्या जागी प्लास्टिकचं घमेलं आलं. सूप टिकलं, लग्नामुळे.

बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ साली नोंदली गेली. तेव्हापासून चांद्याच्या जंगलातला बांबू दोन दारांनी बाहेर पडत आला: गिरणीला ट्रकाने, बुरडाला निस्ताराच्या, म्हणजे सवलतीच्या, डेपोतून मोजून. गिरणीने कागदही दिला आणि कायमच्या नोकऱ्याही. साठ-सत्तरच्या दशकांत पोंभुर्ण्याकडच्या घरातला एक मुलगा बल्लारपूरला, दुसरा कोळशाच्या खाणीत, पुढे १९८० नंतर एखादा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात, असा शेतातून कारखान्याकडे जाणारा पुस्तकी नकाशा या एका पिढीपुरता इथे खरा झाला. त्या पिढीची पेन्शन अजून गावात येते आणि तिच्यावर नातवाची डी.एड. होते. नंतर भूमिगत खाणीऐवजी उघड्या खाणी आल्या, माणसाच्या जागी डंपर. कायम कामगार निवृत्त झाला की त्याच्या खुर्चीवर ठेकेदाराचा माणूस बसला. खाणीत कायम असलेल्या बापाचा मुलगा त्याच खाणीत कंत्राटी, हे चित्र बल्लारपूर, राजुऱ्याकडे कोणत्याही पानठेल्यावर भेटेल. नदीपलीकडे आता कोनसरीचा लोहप्रकल्प उभा राहिला आहे, सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक रात्रंदिवस चालतात. इकडच्या तरुणांना तिथलं सगळ्यांत हवंसं काम विचारलं तर उत्तर येतं, ड्रायव्हर.

बांबूचं पुढे काय झालं तेही लिहून ठेवतो. २७ एप्रिल २०११ ला मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते मिळालं. २०१७ ला जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही. चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र झालं. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुली बांबूच्या राख्या, दिवे, फ्रेम सुरेख करतात. जंगलाने आणि कायद्याने बांबू मोकळा केला तेव्हा बुरडाचा मुलगा कुठे होता, तर पुण्याच्या एका गोदामात पार्सलं लावत.

डोंगा

पोंभुर्णा तालुक्याच्या पूर्वेला वैनगंगा. पलीकडे चामोर्शी, म्हणजे गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते, पण नदीने तेव्हाही दोन केलेलेच होते. काठावरच्या गावांत डोंगा चालवणारा ढिवर असे, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला प्रत्येक घरामागे हंगामाला धान मिळे. वर्षभर कितीही वेळा उतरा. पूल झाले तसा डोंगेवाला मागे पडला. पुलाला लांबचा वळसा पडतो, म्हणून काही ठिकाणी डोंगा राहिला. ठरलेलं धान मात्र गेलं, आता फेरीचे पैसे.

२३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरहून बायका डोंग्याने अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघाल्या होत्या. डोंगा उलटला, सहा जणी बुडाल्या. डोंगेवाला पोहून वाचला. त्या सगळ्या गावातून गावात, शेतातून शेतात जात होत्या. स्थलांतराच्या कुठल्याही व्याख्येत ते बसत नाही. संध्याकाळी घरी परतणार होत्या.

मिरची

जानेवारी-फेब्रुवारीत धान घरात आलं की गावं रिकामी होतात. माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात: खम्मम, वरंगल, मुलुगु, भूपालपल्ली. नवरा-बायको दोघं, कधी पोरं शाळेतून काढून. शेतातच पालं. एप्रिलमध्ये परत. हे काम माझ्या आजोबांच्या काळी नव्हतं, तेलंगणाचं सिंचन वाढलं तसं ते वाढलं. म्हणजे गेलेल्या वस्तूंच्या यादीत नवीन वस्तू कशी आली, तर मजुरीमुळे. पुष्कळ टोळ्या मजुरीचा काही भाग मिरचीतच घेतात. उन्हाळ्याच्या तोंडाला पिकअपवर माणसांखाली लाल पोती लादून गाड्या सीमा ओलांडतात. इथे ती मिरची वर्षभर खातात, उरलेली बाजारात विकतात. मजुरीचं धान स्वतःच्या गावात बंद झालं आणि मजुरीची मिरची परक्या राज्यात सुरू झाली.

२०२० च्या एप्रिलमध्ये हीच माणसं जंगलाच्या वाटेने पायी परत आली. शेजारच्या छत्तीसगडची एक बारा वर्षांची मुलगी अशीच मिरचीच्या कामावरून चालत येताना घराच्या जवळ पोचून मेली. ती बातमी झाली म्हणून कळली.

यादीतून खोडलेलं

माजी मालगुजारी तलाव मी आधी यात घेतले होते. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त. १९५०-५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, गाळ काढायला दर उन्हाळ्यात जे गाव जमायचं ते जमेनासं झालं. तलावाचं पाणी पाळीने सोडणारा पाणकरही गेला. पण त्या तलावांत ढिवर सोसायट्या अजून मासे धरतात, शिंगाडा लावतात. काम चालू आहे, म्हणून खोडलं.

पोंभुर्ण्यात आदिवासी बायकांच्या कुक्कुटपालनाच्या शेड झाल्या आहेत. पिल्लं आणि खाद्य संस्थेचं, वजन झालं की कोंबड्या संस्था नेते, वाढवणाऱ्या बाईला वाढवण्याचे पैसे. माप किलोचं. ही यादी गेलेल्यांची आहे, येणाऱ्यांची नाही. पण कोणी दुसरी यादी करील तर पायली, पुडकं, एकर यांच्या खाली किलो लिहायला हरकत नाही.

मोहही खोडला. २०१५ ते २०२१ जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हाही तो पडत होता आणि वेचलाही जात होता. राज्याने २०२१ ला मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले. लाडू, सरबत, जॅम अशी नावं घेणारी प्रदर्शनं भरू लागली. वेचायला अजून यंत्र नाही. फूल रात्रीतून गळतं. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा साफ करतात, वणवा पसरला तर वनरक्षक गावात येऊन ओरडतो. हल्ली काही जण जाळ्या बांधतात. वनविभाग दर वर्षी बजावतो की उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकट्याने जाऊ नका, वाकून बसू नका कारण वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतो. उजाडेपर्यंत चितळं आणि मोकाट गुरं निम्मं फूल खाऊन टाकतात. आणि मोह वाकल्याशिवाय वेचता येत नाही. त्यामुळे पाच-सहा जणी मिळून, एक जण डबा वाजवत उभी आणि बाकीच्या वाकलेल्या, अशी पाळी लावतात. डबा वाजवणारीलाही टोपलीत सारखा वाटा मिळतो.